वानगीची गोळी

बायकोच्या औषधातली एक गोळी मी खाल्ली. चुकून नाही. अंधार होता, चष्मा सापडत नव्हता, माझी समजून घेतली, असलं काहीही नाही. टळटळीत दुपारी, चष्मा लावून, बाटलीचं झाकण नीट फिरवून काढलं आणि खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर ती खाल्ली. ही गोळी अजून बाजारात आलेली नाही. ज्या मोजक्या माणसांना ती मिळते त्यांनाही ती खरी आहे की नुसती गोळीसारखी दिसणारी पावडर आहे, हे कुणी सांगत नाही. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

यामागे धंद्याची सवय आहे, हे सांगितलं नाही तर मी आहे त्याहूनही मूर्ख दिसेन. नागावात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. पुढे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, त्या शनिवार-रविवारी भरतात. बाकीच्या दिवशी मी आसपासच्या वाड्यांतला माल उचलून पुढे व्यापाऱ्यांना घालतो. या धंद्यात ढीग घ्यायचा तर आधी वानगी घ्यायची. ढिगात कोपरापर्यंत हात घालून पोटातला एक नारळ काढायचा, कानाशी हलवायचा, बोटाच्या पेरानं वाजवायचा आणि तरी शंका राहिली तर दगडावर फोडायचा. सुपारी असली तर अडकित्त्यानं मधोमध कापून आतला रंग बघायचा. मालाचा धनी समोर उभा असतो. त्याला राग येत नाही. उलट वानगी न घेता माल उचलणारा गेला की तोच मागून हसतो.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. मुरुडला त्यांची नारळाची वखार होती. नारळ कानाला लावला की त्यांचा चेहरा छातीला नळी लावलेल्या डॉक्टरसारखा व्हायचा. भाजीवालीकडचा दुधी, कुंभाराचं मडकं, बसायची खुर्चीसुद्धा ते आधी वाजवून बघत. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. त्यांच्याच मुलीशी माझं लग्न झालं, आणि त्या मुलीला आता कंपवात आहे.

नावात कंप आहे म्हणून मी आधी मानायलाच तयार नव्हतो. तिचा हात थरथरत नव्हता. पहिल्यांदा गेला तो वास. घरात सुकट भाजली की पाहुण्यांच्या खोलीतून विचारणा येई आणि ही शेजारी उभी राहून म्हणे, अजून तापली नाही वाटतं. मी म्हटलं, सर्दी असेल. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. मी म्हटलं, मिरवणुकीत पालखी धरल्यासारखी काय चालतेस. मग अक्षर बारीक होत गेलं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. आत यायचं असायचं, पाय यायचे नाहीत. आणि शेवटी चेहरा. तिला हसू येतं, राग येतो, सगळं येतं, पण चेहऱ्यावर यायला फार वेळ लागतो आणि कधीकधी येतच नाही. इतकी वर्षं मी तिचा चेहरा बघून घरात पाऊल टाकत आलो. आता हवामानाचा अंदाज घ्यायची सोयच राहिली नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी नेहमीची गोळी दिली. तिनं हालचाल सुधारली. पण डॉक्टर म्हणाले, ही गोळी हातपाय हलते ठेवते, आजाराला थांबवत नाही, तो आपल्या चालीनं पुढे जातच राहतो. त्याला आतून धीमा करणारं एक नवीन औषध आहे, त्याची चाचणी चालू आहे, हिची तब्येत त्यात बसते, इच्छा असेल तर विचार करा. मग त्यांनी अर्धा तास समजावलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना दिसायला तीच पण आत काही नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे ना आम्हाला कळणार ना त्यांना. चाचणी संपल्यावरच उलगडा.

मी विचारलं, म्हणजे निम्मा माल पोकळ आहे आणि तुम्ही वानगी घेऊ देणार नाही? डॉक्टर सौम्यपणे हसले. बायकोनं माझ्या चपलेवर चप्पल ठेवली. तिनं एकच गोष्ट विचारली: मला पोकळ मिळाली तर? ते म्हणाले, तर तुम्हाला फायदा होणार नाही, पण औषध कामाचं आहे की नाही हे तुमच्यामुळे कळेल. तिनं कागद वाचायला घरी आणले, मला दाखवले नाहीत, आणि पुढच्या खेपेला मुंगीएवढ्या अक्षरात सही केली.

परतताना मांडव्याच्या लाँचमध्ये ती खिडकीशी बसली होती. तिचा आवाजही आजारानं बारीक झालाय, त्यात इंजिनाचा आवाज, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"आत्तापर्यंत सगळं तुमच्या मनानं केलं," ती म्हणाली. "हे माझं आहे. यात हात घालू नका."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

बाटली घरी आली आणि माझी झोप गेली. रोज सकाळी ती उंबऱ्याशी आली की मी चहाचा कप घेऊन समोर उभा. पाय अडला नाही तर मला वाटे, खरी आहे. दुसऱ्या दिवशी अडला की, पोकळ आहे, फसवलं. तिनं वाटी उचलली तरी मी तिच्या बोटांकडे बघे. रात्री तिनं कूस बदलली की, कशी बदलली? सहज की दोन हप्त्यांत? एकदा ती म्हणाली, असं बघता जशी काही मी दूध आहे आणि उतू जाणार आहे. मी दुसरीकडे बघायला लागलो, म्हणजे आरशात तिच्याकडे बघायला लागलो.

एखादं दुःख कळलेलं असलं की माणूस त्याच्याशी कसाबसा जमवून घेतो. मला कळतच नव्हतं. आपली बायको बरी राहणार आहे की नाही, याचं उत्तर फळीवर एका पांढऱ्या बाटलीत आहे आणि आपण तिच्यासमोर पोहे खातोय, ही कल्पना डोक्यातून जायची नाही.

त्या दुपारी ती झोपली होती. मी बाटली उतरवली. आधी एक गोळी कानाशी हलवली. हसू नका, हात आपोआप गेला. मग नखानं वाजवली. मग सुपारीच्या काट्यावर ठेवली, तर काटा हललाच नाही. त्या काट्याला गोळी म्हणजे धूळ. उरला एकच उपाय.

गोळी कडू होती. कडू म्हणजे खरी, असा निकाल मी तत्काळ दिला. मग सुचलं की पोकळ गोळी बनवणारा काही माझ्यासारखा नसणार, तोही ती कडूच करेल. मग मी पडवीत आरामखुर्चीत पडून अंगात काय होतंय ते बघत राहिलो. थोड्या वेळानं जीभ कोरडी पडली. बोटांना मुंग्या आल्या. छातीत धडधड. हात डोळ्यांसमोर धरला तर तो थरथरत होता. मला दरदरून घाम फुटला. निरोगी माणसानं हे औषध घेतलं तर त्याला आजार होत असेल काय, असा एक विचार आला आणि तो आल्यावर दुसरा हातही थरथरायला लागला.

नारळ पाडायला येणारा गडी तेवढ्यात पायाचा दोर खांद्यावर टाकून आला. "काय झाला, शेट? ऊन लागला काय?"

मी म्हटलं, सुपारी लागली. पान खाताना कधी कच्ची सुपारी चढते, डोकं गरगरतं, तसं. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "तुमाला?" म्हणाला. ज्याची उभी हयात सुपारीत गेली त्याला सुपारी लागते, ही गोष्ट पुढे त्यानं गावभर केली. त्यानं गूळ-पाणी आणून दिलं आणि मला बरं वाटलं. म्हणजे गोळी पोकळ. की गूळ लागू पडला? की खरं औषध निरोग्याला काहीच करत नाही? निष्पत्ती शून्य.

आणि मग आठवलं, की मुंबईच्या इस्पितळात चाचणीचं काम बघणारी मॅडम, पोरगेल्या वयाची, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी, दर खेपेला बाटली परत मागते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. गोळी चुकली तर सांगा, जास्त घेतली तर सांगा, दुसरं कुठलं औषध सुरू केलं तर आधी विचारा, असं तिनं तीनतीनदा बजावलं होतं. हिशेब जुळत नसला तर माणूस चाचणीतून बाहेर जाऊ शकतो, हेही.

आता इथपर्यंत जो मूर्खपणा झाला तो सुट्टा होता. ठोक माल पुढेच आहे.

मला रक्तदाब आहे. माझी गोळीही पांढरी, गोल, मधे खाच असलेली. दोन्ही गोळ्या तळहातावर शेजारी ठेवल्या, त्यात मला काही फरक दिसला नाही. मी माझी गोळी तिच्या बाटलीत टाकली. संख्या जुळली. आणि वरचा माल कुणीही तपासतो, म्हणून बाटली चांगली खुळखुळवली, म्हणजे ती पोटात जाईल. सासऱ्यांनी ज्या व्यापाऱ्यांपासून सावध राहायला शिकवलं होतं, नासका माल ढिगाच्या पोटात घालणारे, त्यांचं काम मी पहिल्याच प्रयत्नात सफाईनं केलं. मग चहा टाकला. बऱ्याच दिवसांनी चहाला चव आली.

बायको उठली. पलंगाच्या कडेला बसली, मग दांडी धरून उभी राहिली आणि तशीच थांबली. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं: या आजारात उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, घेरी येते, दोनदा ती पडता पडता वाचली होती. तिला रक्तदाब उतरवणारी कुठलीही गोळी चालत नाही. हे मला पाठ होतं. मी स्वतः कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलं होतं.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

ती मोरीकडे गेली तेवढ्यात मी बाटली घेऊन मागच्या खळ्यात पळालो आणि सगळ्या गोळ्या सुपात ओतल्या. सुपारी निवडण्यात माझी नजर तालुक्यात नावाजलेली आहे. चार प्रतींची सुपारी सरमिसळ करून द्या, मी बोलता बोलता वेगळ्या करतो. त्या दिवशी मी सूप उन्हात धरलं, सावलीत धरलं, पाखडलंसुद्धा. सगळ्या गोळ्या सख्ख्या बहिणी. एक जरा पिवळट वाटली म्हणून काढली, तर तिच्या शेजारची तिच्याहून पिवळी वाटायला लागली. चाटून बघावं का, असंही मनात आलं. खरं सांगतो, जीभ बाहेर काढलीही होती. मग समजलं की मी चाटलेल्या गोळ्या पुन्हा तिच्या बाटलीत भरणार आहे.

संध्याकाळच्या गोळीची वेळ दिवेलागणीची. मी सगळ्या गोळ्या परत भरल्या, बाटली तांदळाच्या डब्यात लपवली आणि तिला म्हटलं, चल, जरा समुद्रावर जाऊ. ती म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, हवा छान आहे. हवा अजिबात छान नव्हती.

किनाऱ्यावर घोडागाड्या फिरून गेल्या होत्या. ओल्या वाळूत चाकांच्या आडव्या-तिडव्या खुणा होत्या. एक गंमत आहे या आजाराची: मोकळ्या जमिनीवर पाय अडतो, पण पुढे रेघ दिसली की ओलांडायला उचलतो. ती चाकांच्या रेघांवरून झपझप चालत होती, माझ्याही पुढे, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. उद्या ही गोळीनं घेरी येऊन उंबऱ्यावर आपटली तर ते मी केलेलं असेल. आणि सांगितलं तर चाचणीतून काढतील, तेही मीच केलेलं असेल. दोन्हीकडे माझाच शिक्का.

मी सांगितलं. समुद्राकडे तोंड करून सांगितलं. गडी, गूळ, सूप, सगळं. मधे एकदा मीच हसलो, सवयीनं. ती हसली नाही.

"माझ्या बाटलीत तुमची गोळी," ती म्हणाली.

"हो."

"आणि माझी तुम्ही खाल्लीत."

"वानगी म्हणून."

तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी वाट बघत राहिलो. शिव्या, रडणं, काहीही चाललं असतं. ती घराकडे वळली आणि वळताना तिचे पाय अडले. तिथे वाळू कोरी होती, भरतीनं नुकतीच पुसलेली. मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, पुढे झुकलेली, टाचा उचललेल्या, आणि पाण्याची लाट आमच्या दोघांच्या चपला भिजवून गेली. मग मी तिच्या पावलांपुढे टाचेनं एक रेघ ओढली. तिनं रेघेकडे पाहिलं, ओलांडली, आणि चालायला लागली. मी पुढे पुढे रेघा ओढत गेलो. पार सुरूच्या झाडांपर्यंत.

घरी येऊन तिनं स्वतः मुंबईला फोन लावला. मॅडमनं आधी विचारलं, काकू, त्यातली गोळी घेतली नाहीत ना? मग सांगितलं, बाटलीला हात लावू नका, उद्या दोघंही या. दोघंही, हे जरा जोर देऊन म्हणाली.

डॉक्टर ओरडले नाहीत, त्यामुळे फार वाईट वाटलं. त्यांनी माझा रक्तदाब बघितला, छातीचा आलेख काढायला लावला आणि गोळी घेतल्यावर काय झालं ते विचारलं. मी जीभ, मुंग्या, धडधड, थरथर, सगळं तपशीलवार सांगितलं, कारण मला वाटलं, निदान यातून तरी काही कळेल. ते ऐकून घेऊन म्हणाले, हे घाबरल्यामुळे झालं. ही गोळी खरी असली तरी एका गोळीनं काहीच जाणवत नाही. तिचा परिणाम झालाच तर कित्येक महिन्यांनी, आणि तोही पुष्कळ माणसांची तुलना केल्यावर दिसणार. म्हणजे माझ्या धंद्यात एका नारळावरून ढीग कळतो, आणि इथे अख्खा ढीग पाहिल्याशिवाय एकही नारळ कळत नाही. हे त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी बहुतेक मान डोलावत होतो.

हिला ठेवायचं की नाही, ते डॉक्टर म्हणाले, माझ्या एकट्याच्या हातात नाही, वर कळवावं लागेल. बाटली त्यांनी ठेवून घेतली. तोपर्यंत गोळी बंद.

मग वाट बघणं. आमच्या वाडीत फोनला नीट रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या काठावर. बायको रोज सकाळी खुर्ची टाकून तिथे बसायची, फोन मांडीवर. मला काही बोलायची नाही. नेहमीचं बोलायची: मीठ संपलंय, पाटाला पाणी सोडा. फोन वाजला की मी झाडामागून कान टवकारायचो. निघायचे खोली विचारणारे पाहुणे: एसी आहे का, जेवणात पापलेट मिळेल का, बीचपासून किती मिनिटं. एका माणसाला मी इतक्या निराश आवाजात खोली आहे म्हटलं की तो म्हणाला, राहू दे, काही प्रॉब्लेम असेल तर. दुपारी मी तिला विहिरीशी चहा नेऊन द्यायचो. कप घेताना तिचा हात आता थोडासा थरथरायचा. आधी थरथरत नव्हता. गोळी बंद म्हणून, की काळजीनं, की आजार आपल्या चालीनं पुढे आला म्हणून, हे मी विचारलं नाही. विचारायचं कुणाला.

फोन आला तेव्हा मी सुपारी वाळत घालत होतो. ती हळू आवाजात हो, हो म्हणत होती. चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं फोन परत मांडीवर ठेवला.

"ठेवलं?" मी विचारलं.

"परवा बोलावलंय."

"पण ठेवलं का?"

"परवा बोलावलंय म्हटलं ना."

ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. गड्याला विचारा, त्याच्याकडे त्याचीही गोष्ट तयार आहे.

मुंबईत डॉक्टरांनी आधी बायकोला तपासलं. चालवलं, वळवलं, बोटं मिटायला-उघडायला लावली. मी भिंतीला टेकून उभा, जीव मुठीत. मग ते म्हणाले, झाला प्रकार नोंदवून त्यांना चाचणीत ठेवायची परवानगी मिळाली आहे, कारण त्यांनी स्वतः लगेच कळवलं आणि चुकीची गोळी पोटात गेली नाही. पुन्हा असं काही झालं तर मात्र नाही. मी खुर्चीत बसलो. खरं म्हणजे ती खुर्ची डॉक्टरांची होती, पण ते काही बोलले नाहीत.

मॅडमनं नवी बाटली आणली आणि कुलूप लागणारा एक छोटा डबा. चावी बायकोच्या हातात दिली. तिच्या बोटांना ती बारीक चावी फिरवायला वेळ लागला, तेव्हा मी पुढे झालो, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी मागे झालो. तिनं डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडून बघितला.

मॅडमनं काळजीनं विचारलं, "काकू, पुढे कधी हाताला जमलं नाही तर? घरात दुसरं कुणी जबाबदार माणूस नाही का?"

बायकोनं चावी मंगळसूत्रात अडकवली. मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, हळूहळू, ओठाच्या एका कोपऱ्यातून, कितीतरी दिवसांनी.

"नाही हो," ती म्हणाली. "आमच्या बाबांनी जन्मभर सगळं वाजवून घेतलं. जावई तेवढा न वाजवता उचलला."